चांदणीचा फॉर्म

नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात मी अठरा घोडे उलटे वाचले.

घोडे म्हणजे त्यांचे आकडे. समुद्रापलीकडच्या एका देशात दर मार्चमध्ये नवख्या घोड्यांची अडथळ्यांची एक मोठी शर्यत होते. तिच्यात उतरणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या नावाशेजारी आकड्यांची एक बारीक ओळ असते आणि ती वाचून त्या घोड्याविषयी दोन वाक्यं लिहायची, हे माझं काम. ओळीतला पहिला आकडा सगळ्यात ताजा, असं मी धरून चाललो. टॉवेलच्या ज्या कारखान्यात मी बावीस वर्षं काढली, तिथं आजचा माल आधी लिहायचा आणि कालचा त्यानंतर. इथं नेमकं उलटं. जुनी शर्यत डावीकडे, ताजी उजवीकडे. त्यामुळे जो घोडा ओळीनं तीन शर्यती जिंकून आला होता त्याच्याबद्दल मी लिहिलं, "सुरुवात झकास केली, पण अलीकडे ढेपाळला." आणि जो आठवड्यापूर्वी तोंडावर आपटला होता त्याच्याबद्दल लिहिलं, "पडण्याची खोड आता पूर्ण गेली आहे."

मजकूर बाहेर जायच्या आधी प्राजक्तानं तो पकडला. ती आमची टीम लीडर. बार्शीची, तेव्हा वय सव्वीस. मीटिंगमध्ये मला सर म्हणते, बाकीच्या वेळी काका. माझ्या खुर्चीमागे उभं राहून तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "काका, हा घोडा गेल्या शनिवारी पडलाय. तुम्ही त्याला बरा केलात."

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. त्या वयात कान लाल होतात, हे मला माहीत नव्हतं.

आता सांगायलाच हवं की सोलापुरात बसून घोड्यांचं मी काय करतो. होटगी रस्त्यावर एक इमारत आहे. खाली मोबाइलचं दुकान, वर दातांचा दवाखाना आणि त्याच्या वर आम्ही. पलीकडच्या देशातली शर्यतप्रेमी मंडळी सकाळी चहाबरोबर जो मजकूर वाचतात, त्यातला बराचसा आमच्या मजल्यावरून जातो. कारखाना बंद पडल्यावर मला इथं घेतलं ते घोड्यांचं कळतं म्हणून नव्हे. मी तिथं तपासनीस होतो. हजार टॉवेल डोळ्यांखालून गेले तरी एक तुटका धागा मला दिसायचा. "आम्हाला चुका पकडणारा माणूस हवाय," असं मुलाखतीत सांगितलं होतं. ज्यानं चुका पकडायच्या त्यानंच तिसऱ्या आठवड्यात अठरा चुका केल्या, तो भाग वेगळा.

आकड्यांची ओळ म्हणजे घोड्याचा फॉर्म. एक म्हणजे पहिला आला, दोन म्हणजे दुसरा, शून्य म्हणजे फारच मागे. मधे अक्षरं येतात. एफ म्हणजे पडला. पी म्हणजे स्वारानंच दमलेला घोडा आवरून बाहेर काढला. आर म्हणजे घोडा अडथळ्यापुढे उभा राहिला आणि जातच नाही म्हणाला. या आर अक्षराचं मला पहिल्यापासून कौतुक होतं. बावीस वर्षांत कारखान्यात एकदाही मला ते जमलं नव्हतं.

नवखा या शब्दानंही मला बरेच दिवस फिरवलं. नवखा म्हणजे लहान वयाचा, अशी माझी समजूत. मग एकदा नऊ वर्षांचा घोडा नवख्यांच्या यादीत दिसला आणि मी तो चूक म्हणून खोडला. प्राजक्ता पुन्हा खुर्चीमागे. नवख्याचा वयाशी संबंध नाही, हे तिनं समजावलं. हा हंगाम सुरू होण्याआधी ज्यानं अडथळ्यांची एकही शर्यत जिंकलेली नाही, तो नवखा. तो साध्या, सपाट शर्यती वर्षानुवर्षं धावलेला असू शकतो, पण या कामाला नवा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्यासारखं, काका." तिला टोमणा मारायचा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

फॉर्म एकेका घोड्याचा असतो. त्याच्यावर असतो कल, म्हणजे ट्रेंड. आधीच्या वर्षांचे विजेते एका तक्त्यात मांडायचे आणि त्यांच्यात सारखं काय ते शोधायचं. वय काय होतं, मागची शर्यत जिंकला होता का, मधे विश्रांती किती दिवसांची, जमीन ओली होती की कोरडी. जमिनीचं तेवढं मला पटकन कळलं. पावसानंतर काळ्या रानातून चपला हातात घेऊन गेलेल्या माणसाला जड जमीन समजावून सांगावी लागत नाही. बाकीच्या बाबतीत मात्र आठ वर्षं झाली तरी माझा गोंधळ कायम आहे. वयाचा कल एका घोड्याकडे बोट दाखवतो, विश्रांतीचा दुसऱ्याकडे, आणि जमिनीचा कल पाऊस पडेपर्यंत गप्प बसतो. आणि हे सगळं करताना मी एकही घोडा पाहत नसे. आमच्याकडे नुसते आकडे येत. अडथळा म्हणजे शाळेच्या कंपाउंडएवढी भिंत असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची भेटली. पलीकडच्या देशातले एक वृद्ध गृहस्थ दर महिन्याला पत्र पाठवून आमच्या चुका दाखवायचे. "आपण ज्याला नर म्हटलंत ती माझ्या शेजाऱ्याची घोडी आहे, आणि तिला वाईट वाटलं आहे," असं त्यांनी एकदा कळवलं. ती पत्रं यायची थांबली तेव्हा मला उगाच चुकल्यासारखं झालं. आणि इथं आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर रोज सकाळी फाटकाशी उभे राहून दबक्या आवाजात आकडा विचारतात. मी जुगाराचं सांगत नाही, मी फक्त फॉर्म तपासतो, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं. ते म्हणतात, "बरं, मग तपासलेला आकडा सांगा."

घरी माझी एक सवय होती. संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचो आणि सुनंदाला, म्हणजे बायकोला, दिवसभराचे कल सांगायचो. कुठला घोडा ओल्या जमिनीवर कच खातो, कुठला चौथ्या अडथळ्याला बिचकतो. ती पोळ्या लाटत ऐकायची, किंवा नसेल ऐकत. डबा घ्यायला बाहेर यायचं असलं की म्हणायची, "सरका." मी बोलण्याच्या नादात सरकायचो नाही. मग ती माझ्या खांद्याला लाटणं लावायची.

गेल्या मार्चमध्ये, मोठ्या शर्यतीच्या आधीच्या रविवारी, शिवप्पा घरी आला. तो सुनंदाच्या माहेरचा, मंद्रूपचा. वरातीला घोडी देतो. तिला आक्का म्हणतो म्हणून मला दाजी. त्याची घोडी चांदणी मी लांबून पाहिली होती. पांढरी, कपाळावर करडा ठिपका. लहानपणापासून त्यानंच वाढवलेली.

चहा समोर आला तरी त्यानं कप उचलला नाही. म्हणाला, "दाजी, तुमाला घोड्यांतलं कळतंय म्हणं."

"कागदावरचं कळतं," मी म्हणालो.

"कागदावरचं का हुईना, कळतंय न्हवं?"

मग त्यानं सांगितलं. नऊ वर्षं चांदणीनं कधी मान वाकडी केली नव्हती. यंदा मात्र वरातीत मधेच उभी राहते. ओढलं तरी हलत नाही. वर नवरदेव अवघडून बसलेला, पुढे बँडवाले तेच गाणं फिरून फिरून वाजवतात, लोक हसतात. ज्याच्या ओळखीनं कामं मिळायची त्या बँडवाल्यानं आता दुसरी घोडी बघतो म्हणून सांगितलंय. आणि बार्शीकडचा एक वीटभट्टीवाला तिला माती वाहायला मागतोय. तो सारखा फोन करतो.

"ठिवू का दिऊ, येवडंच सांगा," शिवप्पा म्हणाला. "मला काय कळंना झालंय बगा. माझ्यानं ठरवणं हुईत न्हाय."

स्वयंपाकघरातून सुनंदानं मला हाक मारली. आत गेल्यावर खालच्या आवाजात म्हणाली की ती घोडी त्याच्या घरात लेकीसारखी आहे, तुम्ही यात काही सांगू नका.

"मी नाही सांगत," मी म्हणालो, "तक्ता सांगेल."

हे वाक्य मी बोललो, आणि बोलताना मला बरंही वाटलं, हे इथं कबूल करतो.

मी वही काढली. हंगामातली एकेक वरात त्याला विचारून मांडली. किती लांब, रस्ता डांबरी की मातीचा, बँड की नुसता ताशा, मधे किती दिवसांची विश्रांती. शर्यतीत घोड्यावरचं वजन फार महत्त्वाचं असतं, म्हणून प्रत्येक नवरदेवाचं वजनही विचारलं.

"आवं, त्ये काय इचारून ठिवलंय व्हय," शिवप्पा म्हणाला. मग जरा आठवून, "एक सिमेंटच्या पोत्याएवडा हुता. आन एक दीड पोतं भरला असंल."

मी तेही लिहिलं. कुठं उभी राहिली, तेही विचारलं. एकदा देवळाच्या अलीकडं, एकदा पाण्याच्या टाकीपाशी, एकदा वळणावर. मी त्यावरून निघाल्यापासूनचं अंतर काढलं. जिथं वरात नीट पार पडली तिथं एक मांडला, जिथं अडली तिथं आर. जुनं डावीकडे, ताजं उजवीकडे. यंदा तरी ती चूक करायची नव्हती.

ओळ झाली. एक, एक, एक, आर, एक, आर, आर.

बघणाऱ्याला काही सांगायलाच नको. शिवाय प्रत्येक आरच्या आधी विश्रांती कमी आणि रस्ता लांब. वय अकरा. मी खाली लिहिलं, "उतरता फॉर्म. काम झेपत नाही." रेघ मारली आणि कागद फाडून त्याच्या हातात दिला.

त्यानं तो बराच वेळ पाहिला. मग चार घड्या करून खिशात ठेवला. "बरं," म्हणाला. "शुक्रवारी आक्काच्या भाच्याचं लगीन हाय, त्येवडी वरात करतो. शनवारी टेंपो लावाय सांगतो भट्टीवाल्याला." चहा तसाच राहिला. सुनंदानं तो मोरीत ओतला, आणि कप विसळताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मंगळवारी आमची मोठी शर्यत झाली. ज्या घोड्याबद्दल मी "सर्व कसोट्यांना उतरणारा एकमेव" असं लिहिलं होतं तो तिसऱ्या अडथळ्याला पडला. जिंकला तो यादीतला सगळ्यात म्हातारा नवखा. त्याच्या ओळीत शेवटचं अक्षर पी होतं. त्याला मी दीड ओळीत निकालात काढलं होतं.

मी डोकं धरून बसलो. प्राजक्ता म्हणाली की यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पुढच्या वर्षी हाही विजेत्यांच्या तक्त्यात जाईल.

"म्हणजे याच्यासारखेही जिंकतात, असा नियम होणार?"

"कल, काका. नियम नाही."

"मग या वर्षी तो कल होता की नव्हता?"

"या वर्षी नव्हता. पुढच्या वर्षी असेल."

माझा चेहरा बघून तिनं आपल्या मोबाइलवर ती शर्यत लावून दिली. आठ वर्षांत मी पहिल्यांदा अडथळा पाहिला. भिंत नव्हतीच. कमरेएवढ्या, काटक्या खोचलेल्या चौकटी. घोडे त्यांच्याकडे धड बघतही नव्हते. शेवटचा खांब ओलांडल्यावर त्या म्हाताऱ्या घोड्यानं आपणहून वेग कमी केला. स्वारानं लगाम ओढायच्या आधीच.

"त्याला कोणी सांगितलं, संपली म्हणून?" मी विचारलं.

"इतक्या वर्षांत कळतं त्यांना. खांब आला की काम झालं."

मी मान हलवली. मान हलवणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला शुक्रवारी कळलं.

शुक्रवारी आम्ही मंद्रूपला गेलो. लग्नाआधी नवरदेव घोडीवरून मारुतीच्या देवळात जातो, पाया पडून मांडवात परत येतो. आमच्याकडे याला परण्या म्हणतात. चांदणीला झूल घातली होती, गळ्यात घुंगरू. मी मुद्दाम तिच्या बाजूनं चाललो. आठ वर्षं घोड्यांवर लिहीत होतो आणि घोड्याच्या अंगाला इतका ऊबदार वास असतो, हे मला माहीत नव्हतं. शिवप्पा पुढे दोर धरून चालला होता. माझ्याशी बोलत नव्हता, घोडीशीही नाही.

देवळातून दुसऱ्या वाटेनं परतताना शाळेच्या पुढे चांदणी थांबली. एकदम, चारी पाय रोवून. बँड पुढे गेला, मग मागे आला. नवरदेवाच्या मित्रांनी ढकलायला सुरुवात केली. "आर," मी मनात म्हणालो. अंतर मोजलं. विश्रांती दोन दिवसांची. तक्ता बरोबर होता, आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणीही मला थोडं समाधान वाटलं.

पण बिचकलेलं जनावर असं उभं राहत नाही, एवढं माझ्यासारख्यालाही दिसलं. कान मोकळे होते. एक मागचा पाय सैल सोडला होता. आणि मान वळवून ती शिवप्पाच्या सदऱ्याच्या उजव्या खिशाकडे बघत होती.

"शिवप्पा," मी म्हणालो, "ती खिशाकडं का बघते?"

"गूळ हाय त्यात. मांडवात पोचली की खडा देतो. पयल्यापासनंची सवय हाय."

"मग दे की आता."

"आता कशाला? पोचली कुटं अजून? मधीच उभारलीया."

मी डावीकडे पाहिलं. एका घरापुढे मांडव होता. परवा तिथं बारसं झालं होतं, कुणी अजून सोडला नव्हता. बांबूला आंब्याची पानं सुकून लटकत होती. चांदणी बरोबर त्याच्या तोंडाशी उभी होती, एक हातसुद्धा अलीकडे-पलीकडे नाही.

कारखान्यात तुटका धागा दिसला की मी आधीचे टॉवेल पुन्हा उलगडून बघायचो. आता तसंच केलं.

"मागं जिथं जिथं उभारली," मी विचारलं, "देवळापाशी, टाकीपाशी, वळणावर, तिथं मांडव होता का कुणाचा?"

शिवप्पा वैतागला. "आवं दाजी, लगीनसराई हाय. शहरात गल्लीला येक मांडव असतोयच की. आजवर आपली कामं वाड्या-वस्त्यांवर असायची, तितं एकच..." आणि तो बोलता बोलता थांबला.

यंदा बँडवाल्यानं त्याला पहिल्यांदाच शहरातली आणि मोठ्या गावांतली कामं दिली होती. नऊ वर्षं चांदणीच्या वाटेत मांडव एकच यायचा आणि तो आला की काम संपायचं. ती अडत नव्हती. तिच्या हिशेबानं ती पोचली होती. पोचल्यावर गूळ मिळायचा तो मिळेना, म्हणून वाट बघत होती. आणि तिनं अडवलं असं समजून शिवप्पा गूळ देत नव्हता. अकरा वर्षांची ही घोडी शहरातल्या वरातीला नवखी होती. मी तिचं वय लिहिलं, नवरदेवांची वजनं लिहिली. तिच्यासमोर काय आहे, हा रकानाच केला नव्हता.

शिवप्पानं खिशात हात घातला. गुळाचा खडा चांदणीनं ओठांनी टिपला, मान एकदा झाडली आणि चालू लागली. बँडवाल्यांना पळावं लागलं. पुढे ती थांबली ती आमच्याच मांडवात, दुसऱ्या खड्यासाठी.

लग्न लागल्यावर जेवणाच्या पंगती सुरू असताना शिवप्पा मला बाजूला घेऊन गेला आणि त्यानं वीटभट्टीवाल्याला फोन लावला. शब्द दिला होता, तो मागे घेताना त्याची जीभ अडखळत होती. पलीकडून बराच आवाज येत होता. शेवटी त्यानं फोन माझ्याकडे दिला. "तुमच्याशीच बोलायचं म्हणतोय."

"तुमीच का त्ये घोड्यांचे सायेब?" तो माणूस म्हणाला. "कागदावर लिवून दिलतं न्हवं, वरातीचं काम झेपंना म्हणून? शिवप्पा सांगत हुता. आमी त्या कागदावर इस्वास ठिवून टेंपो सांगितला की."

समोर शिवप्पा उभा होता. मागे चांदणी कडबा खात होती. विश्रांती, जमीन, वजन, कल, पुष्कळ काही सांगता आलं असतं. आठ वर्षांत चुकीची कारणं देण्यात मी चांगला तरबेज झालो होतो.

"लिहून दिलं होतं," मी म्हणालो. "मी उलटं वाचलं."

यावर तो जे बोलला ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही. पण शनिवारी टेंपो आला नाही.

निघताना शिवप्पानं खिशातून तो कागद काढून मला परत दिला. घामानं मऊ पडला होता. म्हणाला, "ठिवा दाजी, तुमाला कामी यील." मी एसटीत बसल्यावर पेन काढून तिन्ही आर खोडले आणि तिथं एक मांडले. सुनंदा खिडकीतून बाहेर बघत होती. तिनं पाहिलं की नाही, कळलं नाही.

संध्याकाळी घरी आलो. ती साडी बदलून कुकर लावायला स्वयंपाकघरात गेली. मी दारात उभा राहिलो आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगू लागलो, मला ते कसं सुचलं, खांब, मांडव, नवखेपणा, गूळ. ती तिथं होती, तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी मी सांगत होतो. ती तांदूळ धूत होती. बाहेर यायला निघाली तरी मी दार अडवून बोलतच होतो.

ती थांबली. मग मागे फिरून फळीवरचा गुळाचा डबा काढला, त्यातला खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "आठ वर्षं मी नुसतं सरका सरका म्हणत होते. एवढंच हवं होतं, तर सांगायचं नाही का."